मागे राहिलेले भावंड

दरवर्षी २७ मे रोजी वस्तीवस्तीत रमाईंच्या स्मृतिदिनाच्या सभा होतात. वक्ता उभा राहतो आणि ठरलेल्या क्रमाने बोलत जातो. दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहणारे वडील, लहानपणीच आलेले पोरकेपण, १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात लागलेले लग्न, परळच्या चाळीतला संसार, गोवऱ्या, उपासमार आणि शेवटी चार मुलांचे मृत्यू. 'चार' या शब्दावर वक्त्याचा आवाज बसतो. बाया डोळ्यांना पदर लावतात. मी स्वतः अशा सभांतून बोललो आहे. त्या शब्दावर माझाही आवाज अनेकदा बसला आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सभेला माझी थोरली बहीण आली होती. घरी परतताना ती म्हणाली, "चौघं गेली ते सांगितलंस. मागं राहिलं त्या लेकराचं काय झालं, ते नाही सांगितलंस." मी गप्प राहिलो. तिला उत्तर देण्यासाठी मला इतिहास पुन्हा वाचावा लागला. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रश्न साधा दिसतो, पण साधा नाही. घरात एखादे मूल गंभीर आजारी पडले म्हणजे दुखणे त्या एका अंथरुणापुरते राहत नाही. आईचे आईपण बदलते, बापाचे बापपण बदलते आणि जी भावंडे धडधाकट असतात त्यांचे बालपण कोणाच्याही लक्षात न येता वजा होते. हे सगळ्याच घरांत घडते हे खरे. परंतु ज्या घरात पैसा नाही, जागा नाही आणि ज्याच्या दारात डॉक्टर पाऊल टाकत नाही, त्या घरात ही वजाबाकी कैक पटींनी होते. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना सभा, सत्याग्रह, परिषदा यांची नोंद आपण केली आणि ते योग्यच झाले. या वजाबाकीची नोंद मात्र आपण केली नाही. ती करण्यासाठी मी जाणूनबुजून आपल्या सर्वांना ठाऊक असलेले घर घेतो आहे.

हे घर मुळातच मरणाच्या छायेतले होते. सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांचे बाबासाहेब हे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि भीमराव एवढी पाचच मुले जगली. भीमराव पाच वर्षांचे असताना, १८९६ साली, आई गेली व आत्या मीराबाईंनी त्यांना वाढवले. म्हणजे ज्याला आपण युगपुरुष म्हणतो तो स्वतःही मागे राहिलेल्या भावंडांपैकीच एक होता. पुढे थोरले आनंदराव लवकर कामाला लागले आणि धाकट्याचे शिक्षण चालू राहिले. एका भावंडाच्या वाट्याचे दुसऱ्याने सोडायचे, ही रीत आपल्या घरांत अशी जुनी आहे.

बाबासाहेब आणि रमाई यांचा थोरला मुलगा यशवंत १२ डिसेंबर १९१२ रोजी जन्मला. त्यांच्याखेरीज गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार मुले या दांपत्याला झाली. तीन मुलगे आणि एक मुलगी. चारही लहानपणीच गेली. गंगाधर गेला तेव्हा प्रेतावर घालायला नवे कापड आणण्याइतके पैसे घरात नव्हते व रमाईंनी आपल्या लुगड्याचा तुकडा फाडून दिला, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. शेवटचा राजरत्न. तो १९२६ च्या जुलै महिन्यात गेला.

ही मुले का गेली? 'नशीब' हे उत्तर आपण स्वीकारत नाही, तेव्हा कारणे शोधली पाहिजेत. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्टची स्थापना झाली आणि कामगारांसाठी चाळी उभ्या राहिल्या. परळच्या पोयबावडीतील अशाच एका चाळीत आंबेडकरांचे बिऱ्हाड होते. खोल्या दोन, माणसे पुष्कळ. त्या काळातल्या मुंबईतील अर्भकमृत्यूचे आकडे पाहिले तर हात थांबतो. १९२१ साली एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे ८२८ मुले वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. या आकड्यात हिशेबाची एक खोट आहे, तीही सांगितली पाहिजे. कामगारांच्या बायका बाळंतपणाला गावी जात. त्या मुलांच्या जन्माची नोंद शहरात होत नसे, पण ती पुढे शहरात मेली तर मृत्यूची नोंद मात्र होई. त्यामुळे आकडा फुगलेला आहे. परंतु याच मोजणीत चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांतले प्रमाण हजारी १३३ च्या आसपास होते. खोट वजा केली तरी खोल्या वाढल्या की मरण कमी होते, ही गोष्ट शिल्लक उरतेच.

खोलीच्या जोडीला जात होती. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. मुंबई शहरात त्या साथीत खालच्या मानलेल्या जातींतल्या हिंदूंचे मृत्यू हजारी ६१ च्या वर गेले. इतर हिंदूंत ते प्रमाण १९ च्या आसपास आणि युरोपियनांत ८ च्या आसपास होते. जंतूला जात कळत नाही, हे खरे. पण जंतूच्या वाटेतल्या खोलीला, पाण्याला, अन्नाला आणि औषधाला जात होती. यशवंत तेव्हा सहाव्या वर्षात होते आणि याच शहरात वाढत होते.

डॉक्टरचे काय? बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या टिपणांत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत घेतली आहे. त्या शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. गावातला डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. नगरशेठला मध्ये घालून आणि फीची हमी देऊन तो आला, पण वस्तीच्या बाहेरच थांबला. तान्ह्या मुलासह बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला आणि नवऱ्याने बायकोला लावला. परत येतानाही त्याच हातांतून परत आला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. ती बाई वाचली नाही. तपासणारा हात आणि दुखणारे अंग यांच्यामध्ये दोन माणसांचे अंतर होते. अशा समाजात मूल आजारी पडले तर आईबापांनी काय करायचे? आई व्रत धरते, नवस बोलते, उपासतापास करते. तिला आपण अंधश्रद्ध म्हणून मोकळे होतो. ज्या बाईसाठी दवाखान्याचे दार उघडे नव्हते तिने दुसरे कोणते दार ठोठवायचे होते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आता आईबापांकडे वळू. राजरत्न गेल्यानंतर महिन्याभराने, १९२६ च्या ऑगस्टमध्ये, बाबासाहेबांनी कोल्हापूरचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. आपण व आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असे दाखवण्यात काही अर्थ नाही आणि कधी सावरू असे वाटतही नाही, अशा आशयाचे ते पत्र आहे. चार मुले मातीआड केल्याचे ते त्यात सांगतात. या शेवटच्या मुलासारखे मूल आपण क्वचितच पाहिले, असेही लिहितात. मुलांबरोबर जगण्यातली चवच गेली, हा त्या पत्राचा सूर आहे.

हे पत्र लिहिणाऱ्या माणसाने त्यानंतर काय केले ते पाहा. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची बाजू लढवली व त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये खटला जिंकला. राजरत्नाच्या मृत्यूनंतर आठच महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. पुढच्या एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. वर्षअखेर मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच १९२७ साली त्यांचे भाऊ बाळाराम हेही गेले. आनंदरावांचा मुलगा मुकुंद याच कुटुंबात वाढला.

महाडची हकीकत आपण शंभरदा सांगतो. त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा माणूस आठ महिन्यांपूर्वी आपले मूल पुरून आलेला बाप होता, हे आपण सांगत नाही. बाबासाहेबांची थोरवी वाढवण्यासाठी हे सांगायचे नाही. त्यांना आपल्या अश्रूंची गरज नाही. दुःखाच्या विभागणीकडे लक्ष वेधण्यासाठी हे सांगायचे आहे. बाप दुःख घेऊन घराबाहेर जाऊ शकतो. त्याच्यासाठी बाहेर कोर्ट आहे, सभा आहे, ग्रंथ आहेत. आई त्याच दोन खोल्यांत राहते, जिथे ते मूल आजारी होते. तीच चूल, तेच अंथरूण. रमाईंची प्रकृती ढासळत गेली आणि २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांना या विभागणीची जाणीव होती. पाकिस्तानवरचा आपला ग्रंथ त्यांनी 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला आहे.

आणि त्याच घरात तिसरा एक जीव होता. यशवंत. इतिहासाच्या तारखा आपण नेहमी बापाच्या बाजूने मोजतो. एकदा मुलाच्या बाजूने मोजून पाहू. १९१३ च्या उन्हाळ्यात वडील न्यूयॉर्कला निघाले तेव्हा यशवंत सहा-सात महिन्यांचे होते. १९१७ च्या ऑगस्टमध्ये वडील परतले तेव्हा पावणेपाच वर्षांचे. १९२० च्या जुलैमध्ये वडील पुन्हा लंडनला गेले तेव्हा साडेसात वर्षांचे. १९२३ च्या एप्रिलमध्ये परत आले तेव्हा दहा वर्षांचे. राजरत्न गेला तेव्हा साडेतेरा. आई गेली तेव्हा बावीस. या वीस-बावीस वर्षांत त्यांच्या घरातून चार लहान प्रेते बाहेर पडली आणि ते स्वतःही लहानपणापासून प्रकृतीने अशक्त होते. ज्या घरात चार मुले दगावली आहेत तिथे पाचव्या मुलाला साधे पडसे झाले तरी आईच्या काळजाचे पाणी होत असणार. तिथे मुलाचे खेळणे, भिजणे, हट्ट करणे या सगळ्यावर भीतीची नजर राहते. आईबाप त्याला जपतात, पण ते जपणे आणि मोकळेपणाने वाढवणे यांत फरक आहे. भीतीने जपलेले मूल आईबापांच्या दुःखाची राखण करायला फार लवकर शिकते.

मोठेपणी या मुलाच्या वाट्याला काय आले? त्यांचे शिक्षण फार पुढे गेले नाही. त्यांनी छापखाना चालवला, चळवळीच्या पत्रांचा भार उचलला. १९५६ नंतर भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्षपद सांभाळले. महूपासून मुंबईपर्यंत भीमज्योत घेऊन गावोगाव फिरले. दादरची चैत्यभूमी उभी राहिली त्यामागे त्यांचे श्रम आहेत. १७ सप्टेंबर १९७७ रोजी ते गेले. असे असूनही आपल्या बैठकांतून भैयासाहेबांविषयी कोणते वाक्य ऐकू येत असे? "बापासारखा झाला नाही." हे वाक्य मी ऐकले आहे, आणि एकेकाळी मी स्वतः बोललोही आहे. आज त्याची लाज वाटते. जगातल्या मोठमोठ्या विद्वानांशी ज्या माणसाची तुलना करायची त्याच्याशी आपण एका आजारी, चार भावंडे गमावलेल्या मुलाची तुलना केली. गेलेली चार मुले आपल्यासाठी त्यागाचे प्रतीक झाली. जे मूल जगले ते तक्रारीचा विषय झाले. मेलेल्यांचा गौरव आणि जगलेल्याचा हिशेब, हा कोणता न्याय? माणसाला माणूस म्हणून पाहण्यासाठी जी चळवळ उभी राहिली तिने आपल्याच घरातल्या मुलाकडे माणूस म्हणून पाहायला नको होते काय?

आता ताईविषयी. मी आठ वर्षांचा असताना माझे सांधे सुजू लागले. आज गुडघा, तर चार दिवसांनी मनगट, आणि सोबत ताप. पुढे डॉक्टरांनी हृदयाच्या झडपांना इजा झाल्याचे सांगितले. या दुखण्याला संधिवाताचा ताप म्हणतात. घशातल्या साध्या संसर्गातून ते सुरू होते आणि जिथे दाटीवाटीने माणसे राहतात तिथेच त्याचे फावते. ते पुन्हा उलटू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, तेही वर्षानुवर्षे. आई शेतात मजुरीला जायची. एक दिवस मजुरी बुडाली तर संध्याकाळी चूल पेटत नसे. माझ्याजवळ कोणीतरी बसायला हवे होते. ताई सहावीत होती, वर्गात पहिली यायची. ती घरी बसली. तिला कोणी 'शाळा सोड' असे म्हटले नाही. एका सकाळी तिने दप्तर खुंटीला अडकवले, ते तिथेच राहिले. तालुक्याच्या दवाखान्यात ती मला कडेवर घेऊन जायची. इंजेक्शनची तारीख तिने भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलेली असे. मी बरा झालो, शिकलो, शिक्षक झालो. घरात कौतुक झाले ते आईच्या कष्टांचे आणि माझ्या जिद्दीचे. ताईच्या नावाने एक वाक्यही कोणी बोलले नाही. मीही नाही. म्हणून तिने त्या दिवशी जे विचारले ते फक्त भैयासाहेबांविषयी नव्हते, हे कळायला मला इतकी वर्षे लागली.

यातून आपण काय शिकायचे? पहिली गोष्ट, मुलाचे आजारपण ही एकट्या आईची जबाबदारी नव्हे. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट भूमिका मांडली होती की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार काही अंशी सरकारनेही उचलला पाहिजे. पुढच्या वर्षी तो कायदा झाला. खासगी दुःखाला सार्वजनिक हक्काचे रूप देणे ही त्यांची रीत होती. त्याआधी तीस वर्षे, १८९७ च्या प्लेगमध्ये, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतांच्या, दवाखान्यात पोचवले आणि त्याच साथीत १० मार्चला त्यांचा अंत झाला. दुसऱ्याचे मूल पाठीवर घेण्याची परंपरा आपल्या चळवळीच्या मुळाशीच आहे. ती आपण जयंतीच्या देखाव्यापुरती ठेवली.

दुसरी गोष्ट, आजही अशी घरे आपल्या वस्त्यांतून आहेत. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेलचे दुखणे पुष्कळ आढळते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक असते. म्हणजे एकाच घरात एक भाऊ वेदनेने तळमळतो, दुसरा वाहक असतो आणि तिसरी बहीण दोघांचे करते. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतले. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. हे चांगलेच झाले. पण या योजनांत रुग्णाचे कार्ड असते, भावंडाचे नसते. रात्रभर भावाचे पाय दाबून सकाळी शाळेत डुलक्या घेणारी मुलगी कोणत्याही रकान्यात बसत नाही. तिच्या लग्नाच्या वेळी मात्र 'त्या घरात रोग आहे' हे सगळ्यांना बरोबर आठवते.

म्हणून शिक्षक मित्रांना माझे एक सांगणे आहे. हजेरीपटावर एखाद्या मुलामुलीच्या नावापुढे सलग गैरहजेरी दिसली तर 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा मारण्यापूर्वी त्या घरी जाऊन या. घरात कोण आजारी आहे ते विचारा. मग आजारी नसलेल्या मुलाशेजारी दहा मिनिटे बसा. कार्यकर्त्यांनी दवाखान्याच्या वाऱ्या वाटून घ्याव्यात, म्हणजे त्या वाऱ्यांसाठी कोणाचे दप्तर खुंटीला लागणार नाही. हे काम लहान वाटेल. त्यात भाषणे नाहीत, फोटो नाहीत.

येत्या २७ मेला मी बोलणार आहे. चार मुलांविषयी बोलेनच. त्यानंतर पाचव्याविषयी बोलेन, त्याचे वय मोजत मोजत, महिन्यावर महिना. ताईला पुढच्या रांगेत बसायला सांगितले आहे. ती म्हणाली, "बघू. घरी नातवाला ताप आहे." मी म्हटले, "ताई, या खेपेला त्याच्याजवळ मी बसतो. सभेत तू बोल."